हजारीचा भाव

आमगावात रेल्वेफाटकापलीकडे दुलीचंद शेठचा कागदी पत्रावळींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे टिनाचं शेड, सहा मशिना आणि सहा बाया.

त्यात प्रेमिलाचा हात सगळ्यात चलाख. माहेर तिचं सालेकशाकडलं. लहानपणी तेंदूपत्त्याचे पुडे बांधले की शेकड्यावर मजुरी मिळे, तेव्हापासून तिच्या बोटांना थांबणं ठाऊक नाही. सासरी आल्यावर धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, तिला शिकवली शेजारच्या रविताकाकीनं. कारखान्यातही काकीच घेऊन आली. मागच्या साली तापलेल्या साच्यात काकीचा अंगठा भाजला आणि तिचा हात मंदावला. तीनशे रुपये रोजी होती तोवर ते कोणाच्या नजरेत आलं नाही.

लग्नसराईच्या तोंडावर शेठनं फर्मान काढलं. "रोजी बंद. हजार पत्रावळीला चाळीस. जो जितना करेगा, उतना लेगा."

पहिल्याच दिवशी प्रेमिलाचे चारशे रुपये झाले, काकीचे दोनशे. प्रेमिला घरी जाताना भजे घेऊन गेली. हप्ताभर असंच चाललं. शनिवारी काकी डबा पिशवीत टाकत म्हणाली, "सोमवारपासून मी नाई येत व. ऑटोचं भाडं जाऊन उरते काय?"

"मंग करशीन काय?"

"बसीन घरी. तू काऊन तोंड पाडून राहिली? तुये तं चांगले दिवस आले."

काकीनं टोमणा मारला नव्हता. म्हणूनच प्रेमिलाला ते जास्त लागलं.

रविवारभर ती घरात आदळआपट करत राहिली. रोवण्यात बाया एकराचा ठेका घेतात आणि पैसे सारखे वाटून घेतात. जिला वाकवत नाही ती चिखलात फिरून पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या पुरवते. तिला कमी द्या, असं कोणी म्हणत नाही. पेंढी हाताशी नसली तर रोवणारीलाच उठावं लागतं. आणि इथं? शंभर पत्रावळी झाल्या की जी ती मशीन थांबवून मोजायला अन् बांधायला उठत होती.

सोमवारी काकीला जवळजवळ ओढतच तिनं शेठपुढं उभं केलं.

"हिशेब एकाच नावावर लिवा. आमी पाच जणी मशिनीवर, काकी मोजून बांधीन. पैसे सहा जणीत सारखे."

"अरे प्रेमिला, नुकसान तेरा ही होगा. सोच ले."

"सोचलं जी."

सगळ्यात तरणी पोरगी, भूमिका, कुरकुरली, "दुसरीसाठी मी काऊन मरू?"

"रोवण्यात मरतेस नं? तशीच मर."

बाया हसल्या. भूमिकाही हसली, मग मशिनीवर बसली.

काकी एका अंगठ्यानं का होईना, गठ्ठे झपाझप बांधत गेली. कोणाची मशीन थांबली नाही. शनिवारी प्रत्येकीच्या वाट्याला दिवसाचे तीनशे चाळीस आले. बाकी सगळ्यांचे वाढले. एकट्या प्रेमिलाचे साठ घटले.

घरी नवऱ्यानं, चैतरामनं, नोटा हातात घेऊन पाहिल्या. "कमी कायले?"

"पेंढ्या पुरवणारीले दिले."

चैतराम जन्मभर धानात राबलेला माणूस. त्यानं नोटा घडी करून परत दिल्या. मग म्हणाला, "मंग भजे?"

"भजे बंद," प्रेमिला म्हणाली, आणि चुलीला फुंकर घालायला बसली.