पिठात न उमटलेलं पाऊल

मायचा जीव माझ्यामुळं अडकला, असं मी वर्षभर मनात धरून होते. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर कुणीतरी समजूत घातली असती, आणि मला समजूत नको होती. हे लिहायलाही इतकी वर्षं गेली. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं, त्यामुळं चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

आमचं गाव बीडकडं. लग्न होऊन मी इकडं आले, कारण मालकांना शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका आश्रमशाळेत पहारेकऱ्याचं काम मिळालं होतं. पुढं मला त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात रोजंदारीवर घेतलं. अडीचशे पोरांचं दोन वेळचं जेवण आम्ही दोघी करायचो, मी आणि जनाबाय. जनाबाय इथलीच, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ पण हाताला सढळ. मी ज्वारीच्या मुलखातली. तांदळाची भाकरी थापायला मला तिनंच शिकवलं. माझी पहिली भाकरी बघून म्हणाली, "ही भाकरी हाय का भारताचा नकाशा गो?" तेव्हापासून आमचं जमलं.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. रस्त्यावरच्या किराणा दुकानात फोन होता, तिथं आमचे निरोप यायचे. एका सोमवारी निरोप आला, माय आजारी आहे, भेटून जा. त्याच आठवड्यात शाळेची तपासणी होती. साहेब येणार, कोठी बघणार, जेवण चाखणार. मी रोजंदारीवरची. अशा वेळी सुट्टी मागितली तर माझ्या जागी दुसरी बाई उभी करतील, ही भीती माझ्या मनात घर करून बसली. स्वभावच तसा, सगळ्या गोष्टींची आधी भीती. मालक म्हणाले, जाऊन ये, मी सांगतो मुख्याध्यापकांना. मीच म्हणाले, तपासणी होऊ द्या, मग जाते. मायला पूर्वीही दुखणी आली होती आणि गेली होती. तपासणी शुक्रवारी झाली. साहेबांनी आमटी वाखाणली. दुपारी दुकानातला माणूस सायकलवरून आला आणि शाळेच्या फाटकापाशीच थांबला. तो आत येईना, तेव्हाच मी समजले.

सोमवार ते शुक्रवार. हे चार दिवस मी अजूनही मनात उलटसुलट करून बघते.

मुरबाडच्या स्टँडवरून नगरची गाडी धरली, माळशेज चढून नगर, तिथून बीड, तिथून मिळेल ते वाहन. घरी पोचले तेव्हा माय जाऊन पुरता एक दिवस उलटला होता आणि सगळं आटोपलं होतं. माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. दारातून आत गेले तर काय बघते, वहिनीनं चूल पेटवली होती आणि ती भाकरी थापत होती.

आमच्याकडं घरात माणूस गेलं की तीन दिवस चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात, घरच्यांनी ते खायचं. आणि इथं मायची जागा अजून ओली होती, दिवा तेवत होता, आणि वहिनीचा तवा तापलेला. तिनं ताटलीत भाकरी वाढली, वर तेल-तिखट, आणि माझ्यापुढं सरकवली. "वन्सं, चार घास खावा," म्हणाली. घरात बायका भरलेल्या होत्या. मी सगळ्यांसमोर ताटली ढकलली आणि म्हणाले, "माय जाऊन एकच दिवस झाला आन् तुझ्या पोटाची आग थांबंना का गं?" वहिनीनं खाली बघितलं. उठून चुलीवर पाणी मारलं.

मग मी दिव्याच्या जागेकडं वळले. ज्या जागी जीव गेला तिथं दिवा लावायचा, शेजारी पीठ पसरायचं आणि त्यावर टोपलं पालथं घालायचं, ही आमच्या घरची रीत. माणसं स्मशानातून परतली की टोपलं उचलून बघतात. पाखराचं पाऊल दिसतं, कधी गाईचं, कधी माणसाचं. त्यावरून गेलेला जीव कुठं गेला ते समजतं. मी विचारलं, मायचं काय उमटलं? वहिनी म्हणाली, "काईच न्हाई उमटलं." कोपऱ्यातली एक म्हातारी लगेच बोलली, "मग जीव गेलाच न्हाई अजून. लेकीची वाट बघत बसला आसंल." तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण ते वाक्य माझ्या काळजात रुतलं ते रुतलंच.

तेरावा करून परत निघाले. आळेफाट्याला एक वयस्क बाई गाडीत चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. पांढरं सुती लुगडं, हातात खाकी कागदाचं वेष्टण घातलेलं एक जाड पुस्तक. मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. त्यांनी घाट उतरेपर्यंत काही विचारलं नाही. घाटाखाली आल्यावर एवढंच म्हणाल्या, "कोण गेलं, बाळा?" मी सांगितलं. का कोण जाणे, पिठाचंही सांगितलं, चार दिवसांचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मी म्हणाले, मला नीट वाचता येत नाही, अक्षराला अक्षर लावून वाचते. त्या हसल्या. "मग तर बरंच आहे. जास्त दिवस पुरेल." टोकावडे आलं तशा उतरून गेल्या. मी नाव विचारलं नाही. त्यांना हात जोडायचंही राहून गेलं, पुस्तक धरण्यात माझे दोन्ही हात गुंतले होते.

त्या पुस्तकाची सुरुवातीची पानं गळालेली होती, नाव नव्हतं. एक म्हातारी मरते आणि पलीकडच्या मुलखात जाते, तिथं तिला काय दिसतं ते सगळं त्यात होतं. मी आयुष्यात पुस्तक म्हणून फक्त पोथी बघितलेली. मला वाटलं ही पोथीच. मी ते देव्हाऱ्यात ठेवलं. रोज अंघोळ करून, दिवा लावून, एक पान वाचायची. कधी अर्धंच व्हायचं.

त्यातली म्हातारी वेशीवर पोचते तेव्हा घाबरलेली असते, आता पापपुण्याचा जाब द्यावा लागणार म्हणून. वेशीवरचा माणूस तिला एवढंच विचारतो, की जेवून निघालीस का. ते एक वाक्य त्या सकाळी मी अक्षराला अक्षर लावून तीनदा वाचलं. पुढं एक ओढा येतो. गेलेली माणसं दिवेलागणीला त्या ओढ्याच्या काठी बसतात आणि त्यांना आपापल्या घरातले आवाज ऐकू येतात. बोलणं येत नाही, रडणं तर नाहीच. येतो तो भांड्यांचा आवाज, केरसुणीचा, जात्याचा. घरचे कामाला लागलेत हे ऐकून माणसं निवांत उठून जातात. म्हातारी तिथल्या एकीला विचारते, तुम्ही सगळे इथं वाट बघत असता का? ती सांगते, वाट बघणं हे अलीकडच्यांचं, जिवंत माणसांचं काम, इथं आल्यावर ते सुटतं.

मायचा जीव अडकला नसेल, असं पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते तेव्हा. मायला आवाज जावा म्हणून मी परातीवर जरा जोरातच भाकरी थापायला लागले. जनाबाय म्हणाली, "हळू गो, परात फुटंल, मंग पोरांना काय तुझ्या डोक्यावर वाढायचा?" पण तीच पुढं म्हणाली, "आमटीत मीठ पडायला लागला तुझा आता. मदी महिनाभर नाय पडला. पोरां गप खात व्हती, तुला कोन बोलनार?" मला ठाऊकच नव्हतं. अडीचशे लेकरांनी महिनाभर आळणी खाल्लं आणि तक्रार केली नाही.

मग एक दिवस मराठीचे सर आमच्या खोलीवर आले, मालकांकडं काही कामाला. त्यांचं लक्ष देव्हाऱ्याकडं गेलं. "ताई, ही कुठली पोथी?" मी मोठ्या श्रद्धेनं हातात दिली. त्यांनी उभ्या उभ्या चारपाच पानं चाळली. चांगला माणूस, हसला नाही. म्हणाले, "ताई, ही पोथी नाही. कादंबरी आहे. म्हणजे कुणीतरी आपल्या मनानं लिहिलेली गोष्ट."

मला वाटलं पायाखालची फळी काढून घेतली. म्हणजे तो ओढा नाही. वेशीवरचा तो माणूस नाही. जेवलीस का, असं मायला कुणी विचारलं नाही. मी पुस्तक देव्हाऱ्यातून काढलं आणि कोठीत तांदळाच्या रिकाम्या गोणींखाली ठेवून दिलं. मला त्या बाईंचा रागही आला, आणि माझ्या अडाणीपणाची लाज तर फारच वाटली. पुन्हा तेच, पुन्हा माहेरच्या त्या म्हातारीचं वाक्य कानात.

दोन दिवसांनी जनाबायनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आन मंग? माझी आजी आमाला गोष्टी सांगायची, त्या पन मनानंच. झोप तर खरी यायची ना गो?"

संध्याकाळी गोणींखालून पुस्तक काढलं. तांदळाचा भुसा झटकला. लिहिणाऱ्यानं मनानं लिहिलं असेल, पण त्याच्या मनात ते कुणी घातलं, आणि आळेफाट्याला त्या बाईंना माझ्याच शेजारी कुणी बसवलं, हे मला सांगता येत नाही. मी वादही घालत नाही. मी उरलेलं वाचलं. शेवटी शेवटी त्या म्हातारीला एकदाच आपल्या घरात डोकावायची मुभा मिळते. मला वाटलं ती लेकाला बघेल, नाहीतर नातवाला. ती बघते सुनेला, जिनं शेवटच्या दुखण्यात तिचे पाय धुतले होते. पुस्तक तिथंच संपलं.

आणि मला वहिनी आठवली. मायच्या अंथरुणापाशी चार दिवस कोण बसलं होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला फक्त तिची चूल दिसली होती.

वर्षश्राद्धाला गेले ते आधी सुट्टी मागूनच. या खेपेला भीती वाटली, तरी मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, जा की, त्यात काय. एवढंच होतं ते. वर्षापूर्वीही कदाचित एवढंच झालं असतं.

पाहुणे गेल्यावर वहिनी चुलीपुढं बसली होती, मी तिच्याजवळ बसले. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी लई वाईट बोलले. मला माफ कर." तिनं पिठाचा गोळा हातात तसाच धरला. मग हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, मीबी तुमच्याशी खोटं बोलले. पाऊल उमटलं न्हाई म्हनले, पर पीठ पसरलंच नव्हतं. नुस्तं टोपलं पालथं घातलं व्हतं, बायकांनी बोलू नये म्हनून, आन् उचलून बी मी एकटीनंच बघितलं."

"का गं?" मी विचारलं. मायला ती मामी म्हणायची.

"मामींनी सांगितलं व्हतं आदल्या दिवशी. म्हनल्या, माझ्यामागं पीठ भुईवर सांडू नको. मी कुठं जायाची ते देवाला ठावं, तुमी कशाला बघता. लेक उपाशी यील, त्या पिठाची तिला भाकर करून घाल. चूल पेटवल्याचं पाप लागलं तर मला लागू दे, म्हनल्या."

"मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"बायका बसलेल्या. रीत मोडली म्हनून मामींचंच नाव निघालं असतं." गोळा परातीत टाकून तिनं थापायला घेतला. "आन् तुमी तर ताट ढकललं. मग काय सांगू."

माय वाट बघत अडकली नव्हती. ती जाताना माझ्या जेवणाची सोय लावून गेली होती. वेशीवरच्या माणसानं म्हातारीला जे विचारलं ते माझ्या मायनं मला विचारून ठेवलं होतं, आणि मी ते ताट सगळ्यांदेखत परत केलं होतं. मी विचारलं, "त्या भाकरीचं काय केलंस?"

"टाकवंना. दुसऱ्या दिशी मीच खाल्ली, पान्यात भिजवून."

तिनं तव्यावरची भाकरी माझ्या पानात टाकली. मी खाल्ली. वहिनी चुलीत लाकूड सारायच्या निमित्तानं तोंड फिरवून बसली होती.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी अजून त्याच स्वयंपाकघरात आहे, जनाबाय म्हातारी होऊन घरी बसली. त्या चार दिवसांचं दुःख गेलेलं नाही, जाणारही नाही. पण त्याची भीती गेली. भीतीपोटी मी मायजवळ गेले नाही, आणि माय मात्र आपण कुठं जाणार याचीही चिंता न करता सगळं देवाच्या हवाली करून निघाली. तिला अक्षरओळख नव्हती. मला तेवढं समजायला तीनशे पानं लागली.

पुस्तक देव्हाऱ्यातच आहे. सरांना ते पुन्हा दिसलं, पण ते काही बोलले नाहीत. टोकावड्यावरून गाडी जाते तेव्हा माझे हात आपोआप जोडले जातात, त्या दिवशी राहिलेले. रोज सकाळी भाकऱ्या थापताना परातीबाहेर पीठ सांडतं, फरशीवर पसरतं. त्यात मी काही शोधत नाही. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की आधी स्वतः एक घास खाते, आणि मग केरसुणी घेऊन ते पीठ झाडून काढते, जरा आवाज करूनच.