चौथ्या मजल्यावरचा उजेड

घर मिळालं त्या दिवशी शिवणवाली रडली, पण आनंदानं नव्हे. झोपड्या पाडून गरिबांसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या नव्याकोऱ्या वसाहतीची सोडत निघाली होती. तिच्या वाट्याला आला तळमजला, तोही जिन्याच्या पोटात शिरलेला. धाकट्या जावेला मात्र चौथ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर लागलं, भिंतभर खिडकीचं.

"जिला सुईत दोरा ओवता येत नाही, तिला एवढा उजेड!" ती नवऱ्यावर करवादली. "आणि मी भर दुपारी दिवा लावून काजं करायची?"

"झोपडीत दिवा तरी होता का?" असं म्हणून नवरा सामान आत लावू लागला.

तेव्हापासून ती दार लावूनच बसायची. जिन्यावरची धूळ आत येते, असं सांगायची.

वर्षं सरली. मोठ्या कौतुकानं बांधलेली सगळ्यांची धुण्याची खोली तुंबली, मग तिला कुलूप लागलं. खांबांच्या सळ्या उघड्या पडल्या. गच्ची गळू लागली तशी शिवणवाली आपल्या बादल्या घेऊन धाकटीच्या मदतीला धावली. तोंडानं "अरेरे" म्हणत होती, मनात गुदगुल्या होत होत्या.

गच्ची दुरुस्त झाली, पण पुढं धाकटीचे गुडघे गेले. लिफ्ट नकाशात होती, इमारतीत आलीच नाही.

"जाऊबाई, घरं बदलायची का? तुम्ही अजून टुणटुणीत आहात."

"बघते विचार करून," शिवणवाली तोऱ्यात म्हणाली. मनातल्या मनात तिचं मशीन केव्हाच वरच्या खिडकीशी जाऊन बसलं होतं.

घरं बदलली. काय तो उजेड! काळ्या कापडावर काळा दोरासुद्धा दिसायचा. आठवडाभर ती हरखून गेली.

मग एका दुपारी खालून हसण्याचा गलका आला. तिनं वाकून पाहिलं. तळमजल्याचं दार सताड उघडं, दारात खुर्ची टाकून धाकटी बसलेली, आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई तिच्यापाशी थांबत होती. पोस्टमनसुद्धा!

"माझ्यापाशी कधी कुणी थांबलं नाही ते!" शिवणवाली पुटपुटली. तिनं खिडकी लावली. दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. शेवटी कात्री खाली राहिल्याचं निमित्त काढून ती चार जिने उतरली.

"या, बसा ना!" धाकटीनं स्टूल पुढं सरकवलं.

ती बसली. मात्र पाठ टेकायला खुर्ची धाकटीला आणि आपल्याला स्टूल, हे तिनं बरोबर टिपलं.