बाई सांगेल तिकडं वळा

माझ्या भाच्याच्या लग्नाला नवरदेव सोडून सगळं वऱ्हाड वेळेवर पोहोचलं. नवरदेव माझ्या जीपमध्ये होता.

आधी जीपबद्दल सांगतो. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्याला तेल लावून ओट्यावर बसतात. मी जुनी उघडी जीप घेतली. वर टप नाही, बाजूला दारं नाहीत, आडोसा म्हणायचा तर समोरची काच तेवढी! आमची कांता (म्हणजे बायको) जीपभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "पैसे देऊन ऊन इकत घेतलं म्हना की!" मी दुर्लक्ष केलं. संसारात मी ते काम फार मन लावून केलेलं आहे.

तर वसमतच्या आमच्या अक्काच्या पोराचं, प्रशिकचं, लग्न ठरलं. मुलगी साखऱ्याची. मुलीचे वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत, त्यामुळे पत्रिकेवरची वेळ ही छापणाऱ्याची हौस आहे असंच सगळे धरून चालतात. पण सुभेदारांनी ठणकावून सांगितलं, "बारा म्हंजे बारा. त्यानंतर पंगत बसंल, नवरदेव असो की नसो. आन हळद-बिळद काई न्हाई. पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, पुष्पहार, खलास!"

"नवरदेव माझ्या जीपमध्ये येणार," मी जाहीर केलं.

अक्काला आधीची फेरी आठवली. मुलगी बघायला जाताना तिला साखऱ्याला मीच नेलं होतं. पोहोचलो तेव्हा पोहे संपले होते आणि मुलगी कपडे बदलून शेतात गेली होती. "तू मामा हायस, तुला न्हाई कसं म्हनू?" अक्का म्हणाली. "पर रस्ता सांगनारं यंत्र बसव गाडीला. माजं एकच लेकरू हाय, बापू."

आता, ज्या माणसानं डोंगरकड्यापासून साखऱ्यापर्यंत बांधाबांधावर उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, त्याला रस्ता सांगायला यंत्र? पण बहिणीचा शब्द! मी आधी मोबाइल लावून पाहिला. जीप हलेपर्यंत त्यातली बाई छान बोलत होती. जीप हलली आणि वारा, इंजिन, पत्र्याचा खडखडाट यांत बाई बुडाली. मग मी हिंगोलीच्या एका दुकानात गेलो आणि सांगितलं, "रस्ता सांगणारं यंत्र द्या. काढता-घालता येणारं. आणि उघड्या जीपमध्ये ऐकू आलं पाहिजे."

दुकानदारानं काचेच्या थंडगार खोलीत एकामागून एक यंत्रं बोलवून दाखवली. मी म्हणालो, "थंड खोलीत सगळेच गोड बोलतात. जीपमध्ये लावा." बिचारा एकेक यंत्र घेऊन जीपमध्ये मागे बसला, कांता शेजारी बसली आणि आम्ही गावाबाहेर परीक्षा घेत हिंडू लागलो.

"काय म्हणाली?" मी ओरडून विचारायचो.

"काईतरी म्हनली!" कांता ओरडायची.

"डावीकडे की उजवीकडे?"

"तुमी ब्रेक मारला तवा कळलं, मागं ऱ्हायलं म्हनून!"

एका यंत्राचा आवाज डासासारखा. दुसऱ्याचा दणदणीत, पण गाडी उभी असली तरच! तिसरं कांतानं स्टीलच्या पातेल्यात ठेवलं (आवाज घुमतो म्हणून). आवाज घुमला, पण पहिल्याच खड्ड्यात पातेलं उडून दुकानदाराच्या मांडीवर पडलं. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "साब, इतनी आवाज चाहिए तो भोंगा लगाओ ना!"

तो चेष्टा करत होता. मला ते पटलं!

तारेनं बाहेरचा कर्णा जोडता येईल असं यंत्र मी तिथल्या तिथे घेतलं. गावातल्या मंडपवाल्याकडून सभेचा भोंगा आणला आणि समोरच्या काचेच्या चौकटीवर, तोंड माझ्याकडे करून, आवळून बांधला. चाचणी घेतली. "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा!" अशी गर्जना झाली आणि गल्लीतून चाललेले दोन सायकलवाले मुकाट्यानं उजवीकडे वळले. मी धन्य झालो. पंचक्रोशीत माझ्या बाईइतकं स्पष्ट कुणी बोलत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी वसमतहून निघताना मी वऱ्हाडापुढे छोटंसं भाषण केलं. मागे अक्कासकट बायाबापड्यांचा टेंपो होता आणि त्याच्यामागे पाहुण्यांची काळीपिवळी टॅक्सी. "रस्ता कुणाला विचारायचा नाही. मोबाइल बघायचा नाही. बाई सांगेल तिकडं वळा. बस्स!"

"आन तुमी दुसरीकडं वळले तर?" टेंपोवाल्यानं विचारलं.

"बाईचं ऐका. माझ्याकडे बघू नका," मी दिलदारपणे म्हणालो आणि हशा पिकला.

औंढा गेलं, हिंगोली गेलं. वारा समोरून, त्यामुळे बाईचा आवाज थेट मागच्या गाड्यांपर्यंत जात होता. वाटेतल्या गावांत माणसं कामं टाकून बाहेर येत होती. एक आजीबाई तर रेशनची पिशवी घेऊनच धावल्या. मागच्या सीटवर पांढराशुभ्र प्रशिक राजासारखा बसला होता. सेनगाव मागे पडलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मी मिशीला ताव दिला. भरपूर वेळ होता.

तेवढ्यात फाटा आला. बाई म्हणाली, "उजवीकडे वळा. पुढे सरळ रस्ता आहे."

उजवीकडे नवा डांबरी रस्ता होता. डावीकडे जुना शिवरस्ता, दोन गावांच्या शिवेवरून जाणारा. तो मी स्वतः नकाशावर शंभरदा बोटानं फिरलेला! "या बाईला काय माहीत," मी म्हणालो. "डावीकडून निम्म्यात पोहोचतो." आणि वळलो डावीकडे.

"अवो, उजवीकडं म्हनून राहिली ना ती!" कांता ओरडली.

"ती काल आली, मी चाळीस वर्षं आहे!"

मागे धुरळ्याचा एवढा लोट उठला होता की गाड्या येताहेत का ते दिसत नव्हतं. येतच असणार, असं मी धरून चाललो.

"शक्य असेल तिथे मागे वळा!" बाई गर्जली. शेतातल्या एका माणसानं हात हलवून ओरडून सांगितलं, "सायब, मागं वळा म्हनून राहिली नं बाई! काहून ऐकून न्हाई राहिले?"

ऐकलं नाही. शिवरस्ता नकाशावर चांगला रुंद होता. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी तो नांगरत नांगरत इतका खाल्ला होता की आधी बैलगाडीएवढा उरला, मग म्हशीएवढा, आणि शेवटी जीप एका खळ्यात जाऊन थांबली. पुढे रस्ताच नव्हता! खळ्यात ट्रॅक्टरवर हळद पॉलिश करायचा ड्रम गरगर फिरत होता आणि त्यातून पिवळ्याधमक भुकटीचे ढग निघत होते.

"अरे, हे तं मोजणीवाले सायब!" खळ्याच्या मालकानं मला ओळखलं. पलीकडच्या शेतातून त्याचा चुलतभाऊ धावत आला. "बरं झालं आले! सांगा आता, रस्ता कोनं खाल्ला? ह्यानं का मी?"

आता काय करावं शहाण्या माणसानं? गाडी मागे घ्यावी, वाट विचारावी, नवरदेव घेऊन सुटावं. पण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला बांध विचारत होतं! मी खाली उतरलो. धुरे (म्हणजे बांध) कुठे, हद्दीचा दगड कुठे म्हणत ढांगा टाकायला लागलो. एक भाऊ एकीकडून, दुसरा दुसरीकडून.

"सायब, ढांग बारीक टाकून राहिले तुमी!"

"गप रे, सायबाला शिकवतो का!"

मी इतका रंगलो की कांताच्या हाकाही ऐकू आल्या नाहीत. शेवटी ती जीपवर उभी राहून किंचाळली, "अवो! लेकरू पिवळं होऊन राहिलं!"

मी वळून पाहिलं. वारा ड्रमकडून जीपकडे होता, आणि जीपला ना टप, ना दार. प्रशिक डोक्यापासून बुटांपर्यंत पिवळा झाला होता. नुसते डोळे काळे! त्यानं झटकायला सुरुवात केली तशी हळद घामात आणखी घट्ट बसली. वर भोंग्यातून बाई बजावतच होती, "शक्य असेल तिथे मागे वळा!"

दोन्ही भावांनी भांडण विसरून जीप ढकलून फिरवून दिली. रस्ता कुणी खाल्ला ते राहिलंच.

मंडपात पोहोचलो तेव्हा पहिली पंगत उठत होती. टेंपोतल्या बाया हात धूत होत्या. टेंपोवाला पान चघळत म्हणाला, "मामा, तुमीच म्हनले व्हते. बाई म्हनली, आमी वळलो. बाराच्या आत आलो बराबर!"

अक्का दारातच उभी होती. तिचे डोळे भरलेले. माझ्या भरवशावर तिनं पोरगं दिलं होतं आणि मी ते तासभर उशिरा, वर असं रंगवून आणलं होतं. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अक्का, चुकलो," एवढंच म्हणता आलं.

सुभेदार पुढे आले. नवरदेवाला वरून खाली न्याहाळलं, मग खालून वर. हात धुणाऱ्या बायाही जवळ सरकल्या.

"आपलं ठरलं व्हतं नं," ते म्हणाले, "हळद लावायची न्हाई म्हनून?"

आधी मंडपाच्या आतून नवरी फस्सकन हसली. मग सुभेदारांच्या मिशा हलल्या आणि मग सगळा मंडप. अक्कासुद्धा डोळे पुसत पुसत हसायला लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. लग्न लागलं. नवरीची पांढरी साडी पहिल्या हारालाच पिवळी झाली, आणि पंचशील म्हणताना नवरदेव प्रत्येक शीलाला शिंकला.

या लग्नानं माझं नाव सगळ्या जिल्ह्यात झालं, हे मात्र मान्य केलं पाहिजे. लग्नसराईत आता फोनवर फोन येतात. परवाच एका पाहुण्यांचा आला. "मामा, आमच्या पोरीच्या वऱ्हाडासाठी तेवढी ती तुमची बाई पाठवा."

"पाठवतो की! जीप घेऊन मी सकाळीच हजर होतो!"

पलीकडे कुणाशी तरी कुजबुज झाली.

"न्हाई मामा, तुमी तकलीफ नका घेऊ. भोंगा आन बाई तेवढी टेंपोत टाकून द्या. तुमाला आमी लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची पत्रिका पाठवतो."