दोनदा टकटक

आमच्या घरात गाडी मी चालवायचे आणि हुकूम ह्यांचा चालायचा. हे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण घंटीची सवय काही सुटली नाही. माझ्या डाव्या बाजूला बसून डॅशबोर्डवर बोटाने वाजवायचे. एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे जाऊ दे. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण, जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवलेलं. पण ती टकटक निमूट ऐकायचे. उजवीकडचं मी बघायचं, डावीकडचं ह्यांनी, असं ठरलेलंच होतं.

हिवाळ्यात तर त्याशिवाय भागायचं नाही. दर महिन्याला आम्ही अमरावतीहून अकोल्याला, जठारपेठेत नणंदेकडे जायचो. साठी उलटल्यावर मी माझे नियम कडक केले होते. ऊन वर आल्याशिवाय निघायचं नाही, काचेवरचं दव पुसल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, धुकं दिसलं की दिवे लावायचे आणि मागच्याने कितीही हॉर्न बडवला तरी आपली चाल सोडायची नाही. पुण्याचा मुलगा दर थंडीत म्हणायचा, "आई, विकून टाक आता गाडी." मी म्हणायचे, "एक ओरखडा दाखव, लगेच विकते." ओरखडा नव्हताच. त्या गाडीमुळे मला कुठे जायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मूर्तिजापूरच्या अलीकडे एका धाब्यावर चहाला थांबलो. ऊन आलं होतं, पण चहा होईस्तोवर शेतांतून धुकं पुन्हा रस्त्यावर उतरलं. गाडी हमरस्त्यावर घ्यायची होती. नियमाने वाहनं उजवीकडूनच येतात, पण आपल्याकडे ट्रॅक्टरवाले वळसा वाचवायला उलट्या बाजूने खुशाल येतात. मी म्हटलं, "पाहा बरं नीट." ह्यांनी दोनदा वाजवलं. मी गाडी काढली आणि डावीकडून कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर अंगावरच आला. त्याला दिवा नाही की काही नाही. मी ब्रेकवर उभीच राहिले. आमचा डावा दिवा फुटला, एवढ्यावर निभावलं. ट्रॅक्टरवाला ओरडला, "काकू, दिसत नाही का?" हे मफलर सारखा करत बसले होते.

नणंदेने नाश्त्याला आलुपोंगे मागवले होते. फुटका दिवा बघून तिने विचारलं, "दादा, गाडीले का झालं?"

"म्या थांब थांब म्हनलं," हे म्हणाले, "पन हिनं आयकलं तं पायजे! दिसत नाही आता हिले."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी म्हटलं, "तुमी दोनदा वाजवलं का नाही? सांगा सगळ्यायले!"

नणंद हसली. "वहिनी, गाडीत घंटी लावली का काय?"

सगळे हसले. हे ताटात बघून खात राहिले. रागाने माझे कान तापले. घरचाच साक्षीदार फितूर झाला, तर दाद मागायची कुणाकडे? मुलाला तिथूनच फोन गेला. "बस झालं आई," तो म्हणाला. संक्रांतीच्या आत गाडीला गिऱ्हाईक लागलं.

गिऱ्हाईक आलं तेव्हा दुपारचं लख्ख ऊन होतं. गाडी फाटकातून मागे घेताना तो घेणारा ह्यांना म्हणाला, "बाबा, डावीकडं पाहा जरा." ह्यांनी बॉनेटवर दोनदा वाजवलं. गाडी मागे सरकली आणि करकचून थांबली. डावीकडे संत्र्यांची हातगाडी उभी होती.

"बाबा, एवढा ढीग दिसत नाही का?" तो हसत म्हणाला आणि संत्रेवाला बाजूला झाल्यावर गाडी घेऊन गेला.

फाटकातच मी ह्यांना धरलं. "कवापासून?"

"दिवाळीच्या आंधीपासून. सारं धुकटच दिसते."

"मंग त्या दिवशी दोनदा काहून वाजवलं?"

"दरवेळी थांबच म्हनलं असतं तं तुले समजलं असतं. तू मले आपरेशनले नेलं असतं. भेव वाटते मले."

"आन मले आंधळी ठरवलं, त्याचं काय?"

हे फाटकाची कडी लावायला वळले. दया यायला हवी होती, पण आली नाही. भीती मी समजून घेतली असती, दवाखान्यात हात धरून बसले असते. पण धुक्यात माझा जीव पणाला लावला, आणि वाचले तर चारचौघांत माझंच नाव पुढे केलं.

दवाखान्यात मी हात धरून बसलेच. ऑपरेशन चांगलं झालं. आता समोरच्या गच्चीवर कुणाचे कपडे वाळताहेत, तेही हे अंगणातून सांगतात. मी म्हणते, मुलाला फोन करून खरं काय ते सांगा. हे म्हणतात, "सांगतो न, घाई का हाय?"

अकोल्याला आता आम्ही एसटीने जातो. परवा स्टँडसमोर कुडकुडत रस्ता ओलांडायला उभे होतो, तेवढ्यात मुलाचा फोन आला. मला कमी ऐकू येतं असंही त्याने मनाशी धरलं असावं, इतका तो मोठ्याने बोलत होता. "आई, धुकं असेल. रस्ता ओलांडताना बाबांचा हात धरत जा."

हे बाजूलाच होते. सगळं ऐकलं. मग मफलर सारखा केला आणि मुकाट्याने हात पुढे केला.