छोटी केस, बजेटमधली

९ जून. सकाळी माझ्या हातात वहिनीचा ब्लाउज होता, त्याला हुक लावायचे राहिले होते, आणि मी माझ्या सख्ख्या भावावर कसलीही केस केलेली नव्हती. यातली शेवटची गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्या आठवड्यात अख्ख्या वरवट बकाल गावात ती माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

आमची पूनम खामगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिला घरी कॉम्प्युटर हवा होता. तयार घेतला तर महाग पडतो, म्हणून एकेक भाग जमवून ती तो स्वतः जोडणार होती. बोर्ड आला, पंखा आला, तारा आल्या. हा सगळा संसार माझ्या शिवणाच्या खोलीत दिवाणावर, जेवायला बसायच्या पाटावर उघडानागडा मांडलेला होता आणि तसाच चालतही होता! पंखा गरगर फिरायचा आणि माझ्या कापडाच्या दशा आत ओढून घ्यायचा. एकदा शकीलाभाभींच्या सलवारीची नाडी त्यात गेली. (नाडी वाचली. पंख्याचं एक पातं गेलं.) त्या दिवशी मी बजावलं, याला एक डबा आण, नाहीतर मी याला गोठ्यात नेऊन बांधते.

या डब्याला खामगावचे दुकानदार कॅबिनेट म्हणतात. पण पूनम शिकलेली मोबाईलवरचे व्हिडिओ बघून. ती म्हणते केस. मग घरात सगळेच केस म्हणू लागले. तोवर आमच्याकडे केस म्हणजे एक तर वरणात सापडणारा, नाहीतर कोर्टात चालणारी. हा तिसरा प्रकार गावाला ठाऊक नव्हता, आणि आम्हीही कुणाला सांगायला गेलो नाही. डबा घेताना गावाला कोण सांगतं?

कोणती केस घ्यायची यावर चार दिवस ओसरीवर चर्चा चालली. आमच्या ह्यांना काचेची हवी होती, आत लाल-निळे दिवे लागणारी. मी म्हटलं, हे घर आहे, रसवंती नाही. माझ्या मशीनशेजारी भिंतीत एक कोनाडा रिकामा होता. मी गळ्यातली टेप काढली, कोनाड्याची उंची, रुंदी, खोली मोजली आणि चिठ्ठीवर लिहिली. यात बसेल ती केस, आणि स्वस्तातली. विषय संपला.

“आई, पण बोर्डाचं…” पूनमनं तोंड उघडलं.

“माप मला शिकवू नको,” मी म्हटलं. वीस वर्षं मी शिवणकाम करते. माझ्या हातचा ब्लाउज घट्ट झाला म्हणून आजवर परत आलेला नाही.

यानंतर पूनमनं ओसरीवर उभं राहून मैत्रिणीला फोन केला. ती काय बोलली ते मी नंतर तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ती म्हणाली, “मोठी केस नाई वं, छोटीच. बजेटमधली. आईनं ठरवलं. पप्पा म्हणते का करायची तं मोठीच करा, चार लोकायले दिसली पाह्यजे. खामगावचा एक माणूस पाहून राह्यलो.”

कुंपणापलीकडे निर्मलाबाई शेवया वाळत घालत होत्या.

दुसऱ्या एखाद्या वर्षी यातून काही निघालं नसतं. पण आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं गावातली कपाशी आतून पोखरून टाकली होती. बीटीचं बियाणं, त्याला अळी लागतच नाही, असं पाकिटावर छापलेलं. अळीला वाचता येत नसावं. आणि ती पाकिटं गावानं घेतली होती माझ्या भावाच्या, दिगंबरदादाच्या कृषी केंद्रातून. बियाणं त्यानं केलं नव्हतं, पण कंपनी कुठे हाताशी लागते? दादा लागतो. लोक किडकी बोंडं पिशवीत भरून आणायचे आणि त्याच्या काउंटरवर ओतायचे. काहींनी तालुक्याला तक्रारी दिल्या. काहीजण केस करू म्हणत होते. आमचीही चार एकर त्यातच गेली. आम्ही काही बोललो नाही, कारण दादानं तेच बियाणं स्वतःच्या शेतातही लावलं होतं.

तर ९ जूनला मी पहिला हुक लावत असताना वहिनीचा फोन आला. “माझा ब्लाउज हाय तसाच देऊन द्या. हुक आम्ही लावून घेऊ,” एवढं म्हणून फोन बंद.

हुक आम्ही लावून घेऊ! मला कुणी शिवी दिली असती तर मी विसरले असते. शिंपिणीकडून अर्धा ब्लाउज परत मागणं म्हणजे पंगतीत बसलेल्या माणसाच्या पुढून ताट उचलणं. मी फणफणत बसले होते, तेवढ्यात ब्लाउज न्यायला दादाच आला. एरवी आला की तो सरळ खुर्ची ओढतो आणि चहा मागतो. त्या दिवशी दारात उभा राहिला.

“ब्लाउज दे,” म्हणाला. मग जरा थांबून, “आन् मी ऐकलं ते खरं हाय काय?”

“काय ऐकलं?”

“केसचं.”

“हाव, खरं हाय,” मी म्हटलं. “पोरीच्या शिक्षणासाठी करा लागते.”

“पोरीच्या शिक्षणासाठी?”

“मंग? आता सारेच करून राह्यले.”

तो जमिनीकडे बघत राहिला. “सारेच करून राह्यले, ते माहीत हाय मले. पण तू बी, मालू?”

“मी काऊन नाई? मी का अडाणी हाय?” मी आणखी तापले. ब्लाउज परत नेतो आणि वर मला कॉम्प्युटर झेपणार नाही म्हणतो!

“किती मोठी हाय?”

“छोटीच. हे म्हणत होते मोठी करू. मी म्हटलं, नको, एवढा खर्च कोण करते.”

“अन् खामगावचा माणूस?”

“रियाजभाई. लय हुशार हाय म्हणते. दोन दिवसात लावून देतो म्हणाला.”

“दोन दिवसात केस लावून देते?” दादा मटकन खाली बसला. तो इस्त्री केलेल्या फॉलच्या गठ्ठ्यावर बसला, पण त्याचा चेहरा बघून मला ओरडता आलं नाही. “मालू,” तो म्हणाला, “माझं ऐक. ते केस मागं घे.”

“अजून घेतलीच नाई तं मागं काय घेऊ? आन् एकदा घेतली का मागं घेत नाई थे. रियाजभाईनं पह्यलेच सांगतलं.”

“यंदाचं बियाणं म्या तुमच्यासाठी निवडून बाजूले ठेवलं होतं,” दादा हळूच म्हणाला. “आता थे बी नेणार नाई तुम्ही.”

केसमध्ये बियाणं कुठून आलं, हे मला कळेना. मी तोंड उघडणार, तोच पूनम पाट उचलून आत आली. पाटावर बोर्ड, त्यावर पाच पात्यांचा पंखा, खाली लोंबणाऱ्या तारा. “बरं झालं मामा आला,” ती म्हणाली. “मामा, याले केस पाह्यजे. खामगावले जाशील तव्हा आणशील काय?”

दादानं पाटाकडे पाहिलं. मग पूनमकडे. मग माझ्याकडे. “याच्यावर केस?” तो म्हणाला.

“याच्यावर नाई, याले. डबा रे. यात ठेवा लागते.”

मग मला सगळं एकदम उमगलं: निर्मलाबाई, वहिनीचा फोन, हुक, बियाणं. आणि मी जी सुटले! पाठच्या बहिणीवर असा संशय घेतोस? एका शब्दानं विचारायचं नाही, आणि बायकोचा ब्लाउज सोडवून न्यायला येतोस? “आन् समज, मले कोर्टातच जायचं असतं,” मी म्हटलं, “तं मी तुझ्यावर अशी स्वस्तातली छोटी केस केली असती काय? सख्खा भाऊ हायस तू माझा! चांगली दणदणीत केली असती!”

(हे मी प्रेमानं म्हटलं होतं. पूनमनं नंतर मला ते वाक्य नीट ऐकून पाहायला सांगितलं.)

दादा काही रागावला नाही. “साऱ्यायनं बोंडं आणून टाकली काउंटरवर,” तो म्हणाला. “तुम्ही एक बी नाई टाकलं. म्हणून वाटलं, तुम्ही बोलतच नाई, म्हणजे एकदम केसच टाकता का काय.”

मी उठून चहा ठेवला.

चहा पिऊन दादाला हुरूप आला. केस मीच आणतो म्हणाला, आणि माझी मापाची चिठ्ठी खिशात घालून मोटरसायकलवर खामगावला रियाजभाईंच्या दुकानात गेलाही. दिवस मावळायच्या आत परत आला. केस त्यानं बियाण्याच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून आणली होती. मी ती कोनाड्यात सरकवली. अशी बसली, की जणू भिंतीलाच शिवली आहे! मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. कुणी काही बोललं नाही, म्हणून आणखी एकदा बघितलं.

मग पूनमनं बोर्ड केसमध्ये घालायला घेतला. आडवा घातला, उभा घातला, तिरका घातला. बोर्ड साडेनऊ इंचाचा. केस आतून नऊ इंच.

“दाबून पाह्य,” आमचे हे म्हणाले. पूनमनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते बैल बांधायला निघून गेले.

मी तडक रियाजभाईंना फोन लावला. तुम्ही गरिबाला फसवता, चुकीचा माल देता, मी तुमच्यावर केस करीन, असं सगळं ऐकवलं. (केस हा शब्द बाहेर पडताना दादा खोकला.) रियाजभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “ताई, चिठ्ठीवरचं माप कशाचं हाय?”

“कोनाड्याचं.”

“अन् बोर्डाचं?”

मी गळ्यातली टेप चाचपली.

“तुमचे भाऊ म्हणत होते, तुम्ही टेलर हाय. बाई समोर उभी असते, अन् तुम्ही तिच्या कपाटाचं माप घेता काय?”

पूनम भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. दादानं माझ्या हातातून फोन घेतला, रियाजभाईंशी दोन शब्द बोलला आणि म्हणाला, “ओरखडा नसला तं बदलून देतो म्हणते. सकाळी जाऊ दोघं.” मग हसू दाबत, “मी सकाळीच म्हटलं होतं, केस मागं घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी वहिनीच्या ब्लाउजला राहिलेले हुक लावले आणि तो पोचता केला. वहिनीनं तो घालून पाहिला नाही, नुसता घेतला, आणि हातावर साखर ठेवली. मग दादा आणि मी खामगावची एसटी धरली. केस पोत्यात गुंडाळून माझ्या मांडीवर, टेप माझ्या गळ्यात, आणि बोर्डाचं माप या वेळी दोनदा घेतलेलं.

पुढच्या सीटवर निर्मलाबाई होत्या. मागे वळून त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. “खामगावले? दोघं संग?”

“हाव,” मी म्हटलं. “केस मागं घ्याले चाललो.”

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मोठं मन हाय बाई तुमचं,” त्या म्हणाल्या, अख्ख्या एसटीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. दादा खिडकीबाहेर बघायला लागला. मीही काही खुलासा केला नाही.

माझ्या मोठ्या मनाचं गावात अजून कौतुक होतं. नवी केस दिवाणाखाली असते, कारण ती कोनाड्यात बसत नाही.