न काढलेला केर

शेजारच्या काकूंची मुलगी आज मेलबर्नला निघाली. “विमानाला किती वेळ लागतो रे?” काकूंनी विचारलं. मी फोनवर दोन्ही विमानतळ टाकले, तशी समुद्रावरून एक वाकडी रेघ उमटली. मी ऐटीत अंतर सांगू लागलो.

“अंतर राहू दे. पोचेल कधी?”

“उद्या सकाळी.”

“म्हणजे तोवर केर काढायचा नाही,” म्हणत त्यांनी झाडू दाराआड ठेवला. मला हसू आलं.

मग पुन्हा रेघेकडे पाहिलं. अशा प्रत्येक रेघेच्या मागच्या टोकाला एक न झाडलेलं घर असतं, ते नकाशात दिसत नाही. परवा मीही आईला नमस्कार करून अकोल्याहून निघालो. पोचल्याचं कळवायचं राहूनच गेलं.

आईच्या घरात परवाचा केर अजून तसाच असेल. फोन माझ्या हातातच होता, पण लाजेनं बोट उचलेना.