झुंबरचे मुके कॅन

"घरात भाजीला चिमूटभर हळद राहिली न्हाय. सगळी तुमच्या शपथांत गेली!"

सरुबाईचं हे बोलणं मी कुडापलीकडून ऐकलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या दोन घरांच्या मधे एक कूड आहे. कुडाला कान असोत-नसोत, मला आहेत. तिचा नवरा झुंबर देवापुढं भंडारा हातात घेऊन उभा होता. आमच्यात खंडोबाचा भंडारा उचलून जे बोललं ते पाळायचं असतं. झुंबरनं तो दारू सोडायला इतक्यांदा उचलला होता, की आता देवानंच हात जोडायचे राहिले होते.

"ह्या बारीला खरंच, सरे."

"ठेवा ते खाली. आता शपथ नकू. पुन्यांदा तोंडाला वास आला, की मी मोरगावला भावाकडं जाती. परत येणार न्हाय."

नुसतं बोलली नाही. दोन पातळं घालून तिनं पिशवी भरली आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

झुंबर माझा पुतण्या. कळस गावातल्या आमच्या वस्तीचं दूध कॅनात भरून मोटारसायकलवर डेअरीला घालायचा. माणूस सरळ. दुधात कधी पाणी घातलं नाही, दारूतही नाही. मागल्या उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. तरी वस्तीत दोघं-तिघं अजून 'दारूनंच गेला' म्हणून भुवया उडवतात, म्हणून हे सांगायला बसले.

त्या भांडणानंतर तो प्यायचा थांबला आणि हात असे थरथरायला लागले, की चहाची बशी धरवेना. सरुनं त्याला बारामतीला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी ठेवून घेतलं, थरथर उतरायचं औषध दिलं, आणि घरी सोडताना म्हणाले, आता दर आठवड्याला शबीना मॅडमपुढं बसायचं.

"त्या काय देत्यात?" सरुनं विचारलं.

"बोलतात."

बोलून दारू सुटते? मग माझ्या तोंडानं निम्मा तालुका सुटायला हवा होता! मला काही पटेना. म्हणून पहिल्या खेपेला मीही यष्टीत बसून गेले, सरुबरोबर.

मॅडम वयानं लहान, आवाज मऊ. मला मऊ आवाजाची माणसं जरा संशयाचीच वाटतात. त्यांनी विचारलं, "झुंबरराव, घोट घ्यायच्या आधी मनात काय येतं?"

"मन कशाला काय म्हणतंय? हात जातो."

"कधी जातो?"

झुंबर खाली बघत म्हणाला, "दूध घालून परत निघालो की. भरलेलं कॅन गप असत्यात. रिकामं झालं की एकमेकांवर वाजत्यात. तो आवाज आला की वाटतं, काम झालं, आता आपलं. आन् गुत्ता वाटंतच हाय."

"पोट भरलेलं असतं तेव्हा?"

"कुठलं! सकाळपास्नं चहावर."

मॅडम म्हणाल्या, आवाज, वाट, भूक आणि तो विचार, हे एकाच माळेचे मणी आहेत. एकेक मणी सोडवू. तल्लफ आली तर तिच्याशी झोंबायचं नाही. आली आहे म्हणायचं, बसू द्यायचं. पाहुण्यासारखी ती आपली उठून जाते. आणि शपथ घ्यायची नाही.

"अगं बाई, शपथ नकू?" मी मधेच बोलले.

"आजी, शपथ मोडली की माणूस मनात काय म्हणतो, त्यांनाच विचारा."

झुंबर म्हणाला, "म्हनतो, मोडलीच हाय. मग पुरी बाटलीच का नकू?"

तरी मला पटलं असं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून वस्तीवर नवलच झालं. झुंबर परत यायचा तेव्हा आधी कॅनांचा खणखणाट यायचा, मागून तो. आता आवाजच येईना. बघावं तर दारात उभा. न वाजता येणाऱ्या मांजरावर आणि माणसावर नजर ठेवावी, असं माझी आई म्हणायची. वर तो उशिरा येऊ लागला, तेही डांबरी सोडून कालव्याच्या वाटेनं. वस्तीतल्या आक्काबाईच्या दीपकनं येऊन सांगितलं, "झुंबरतात्या कालव्यावर बाभळीखाली बसत्यात. कॅनात हात घालून कायतरी काढत्यात, तोंडाला लावत्यात."

आक्काबाईनं त्याच्याकडं दूध द्यायचं बंद केलं. सरुनं खुंटीवरची पिशवी काढून उंबऱ्यावर ठेवली.

"काकी, आज डोळ्यांनी बघती. मग यष्टी धरती."

दिवस मावळायच्या आधी आम्ही दोघी कालव्याकडच्या उसात जाऊन बसलो. उसाचं पातं गालाला कापत होतं, पण संशयाला सगळं सोसतं. झुंबर आला. गाडी लावली. कॅनांच्या मधे बारदान कोंबलेलं दिसलं. म्हणून ते मुके! त्यानं एका कॅनात हात घातला, फडकं काढलं, बाभळीला टेकून बसला आणि बोलायला लागला.

"आलीस? बस. घाई न्हाय. जाशील आपसूक."

सरु उसातून उठली ती म्हशीसारखी. "कुणाशी बोलताय? काय लावलंय तोंडाला?"

झुंबर दचकला. हातातलं पुढं केलं. सकाळची भाकरी आणि लसणाची चटणी.

"तल्लफ आली की भाकर खातो. ती बसती, मी बसतो. मग ती जाती."

"म्हंजे टोपल्यातली भाकर तुमी चोरत होता? मी कुत्र्याला मारलं की वो! सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं असतं, तर ती शपथच झाली असती तुझ्या लेखी," झुंबर म्हणाला. "मोडली असती म्हंजी?"

सरुनं वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. लसूण. दुसऱ्यांदा घेतला. लसूणच.

त्या दिवशी यष्टी तिच्याशिवाय गेली. दुसऱ्या दिवसापासून भाकरी तीच बांधून देऊ लागली. पण पिशवी भरलेलीच परत खुंटीला गेली, आणि रोज संध्याकाळी दारात त्याला आ करायला लावून वास घेणं सुरू झालं.

एकदा तो घसरला. भाचीच्या हळदीत कुणीतरी पेला पुढं केला. रात्र व्हायच्या आधी घरी आला आणि आ न करताच म्हणाला, "प्यालो. एकच. दुसरा ठेवून आलो. उद्या मॅडमकडं जातो." सरुचा हात पिशवीकडं गेला. पूर्वीचा झुंबर त्या एका पेल्यानंतर दोन दिवस सापडला नसता, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पिशवी खुंटीवरच राहिली. भरलेली.

अशी ती वर्षानुवर्षं लोंबकळली. तो मॅडमकडं आधी दर आठवड्याला जाई, मग महिन्यानं, मग सणासुदीला. पिशवीवर धूळ बसे, सरु झटके, परत अडकवी.

मागल्या उन्हाळ्यातली त्याची ती शेवटची संध्याकाळ. कॅनांमधलं बारदान पार फाटलं होतं. झुंबर अंगणात चिंधी शोधत होता. सरु घरात गेली, पिशवीतली पातळं पेटीत टाकली आणि रिकामी पिशवी आणून त्याच्या हातात दिली. तो तिच्याकडं बघत राहिला.

"बघताय काय? कोंबा. दूध नासंल."

त्यानं ती कॅनांच्या मधे कोंबली, भाकरीचं फडकं घेतलं आणि दूध घालून आला. कालव्याच्या वाटेनं. आलेलं मला कळलंसुद्धा नाही. कुडापलीकडून सरुचाच आवाज आला तेव्हा कळलं.

"आ करा."